फळीवरची पिवळी बुरशी

आमच्या घरात बी.एस्सी.ला गेलेली मी पहिली. तेही वनस्पतिशास्त्र घेऊन. हे मी तेव्हा सगळ्यांना ऐकवायची.

पावसाळ्यात बाबांची होडी दिघीच्या खाडीकाठी नारळाच्या झापांखाली ओढून ठेवलेली असायची. त्या वर्षी मी अलिबागच्या कॉलेजातून सुट्टीला आले, तर मागच्या दोन फळ्यांवर नारिंगी-पिवळे, बुळबुळीत थेंब उगवले होते, जेलीसारखे. सुतारकाका पटाशी घेऊनच आले होते.

"फळी आतून गेली. दोन्ही काढाया लागतील."

मी थेंब बोटावर घेऊन बघितला. वर्गात शिकलेलं तोंडपाठ होतं. "काका, ही बुरशी लाकूड खात नाही. लाकडावर दुसरी बुरशी असते, तिला खाते. पुसून टाका, झालं."

"मग ती दुसरी काय खाते, बाय?"

काठावरची माणसं हसली. मला झोंबलं. मी काकांना म्हणाले, "तुम्हाला काम काढायचंय, म्हणून फळी सडली म्हणता."

बाबा म्हणाले, "र्‍हाऊ दे. शिकलेल्या माणसाचं ऐकावं." काका पटाशी पिशवीत घालून गेले.

नारळी पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्याच फेरीत मागची फळी उघडली. बाबा रिकाम्या कॅनला धरून तरंगत राहिले, दुसऱ्या होडीने त्यांना उचललं. होडी, इंजिन, जाळी, सगळं गेलं.

मग मी पुस्तक उघडलं. मी म्हणत होते ती बुरशी बहुतेक साल असलेल्या फांद्यांवर येते. उघड्या, तासलेल्या लाकडावर येते ती तिच्यासारखी दिसणारी दुसरी, आणि ती लाकूडच खाते. होडीच्या फळीला साल कुठली? आणि माझी ओळख बरोबर असती तरी काकांच्या प्रश्नाचं उत्तर एकच होतं: लाकूड.

आता बाबा या वयात दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातात. गेल्या महिन्यात धीर करून त्यांना सांगितलं, चूक माझी होती.

ते जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "ठाऊक हाय. फळी मी आधीच दाबून बघितली व्हती. बोट आत गेलं."

"मग बोलला का नाहीत?"

"चार माणसांत तुला खोटी पाडू?"

पाडायचं होतं, बाबा. हसली असती माणसं आणखी दोन दिवस.