सुरीनं कापलेली तार

"काका, लढाईत किती मारले?" असं दसारामकाकांना कुणी विचारलं, की ते खिशातून तारेचे दोन तुकडे काढून विचारणाऱ्याच्या हातात द्यायचे. "जोड." माणूस बावचळून कसाबसा पीळ द्यायचा. काका दोन बोटांनी ओढायचे आणि जोड सुटायचा. "मेली तुजी पलटन. आता विचार, किती वाचवले," म्हणायचे आणि चालू लागायचे.

एकाहत्तरच्या लढाईत ते फौजेत तारवाले होते. पुढच्या चौकीपासून मागच्या तोफांपर्यंत टेलिफोनची तार टाकायची, गोळ्यांनी तुटली की पोटावर सरपटत जाऊन जोडायची, हे त्यांचं काम. त्यात डावा कान कायमचा गेला. पण दवनीवाड्याजवळच्या आमच्या गावाला हवा होता मुडद्यांचा आकडा, आणि काकांनी एकही माणूस मारला नव्हता. त्यामुळे गावाच्या लेखी ते 'टेलिफोनवाले'. झेंडावंदनाला त्यांना कधी खुर्ची मिळाली नाही. ते बौद्ध मोहल्ल्यातले होते, हे त्यामागचं दुसरं कारण. ते कुणी बोलत नसे, सगळ्यांना माहीत होतं.

नव्व्याण्णव साली मी गावच्या हायस्कुलात नवा मास्तर होतो. नोकरी कायम व्हायची होती. शाळा ज्या संस्थेची, तिचे अध्यक्ष गावातलेच बडे शेतकरी. कारगिलची लढाई नुकतीच संपली होती आणि अध्यक्षांच्या अंगात देशभक्ती संचारली होती. पंधरा ऑगस्टला ट्रॅक्टरवर सैनिकांची झांकी काढायचं ठरलं.

"त्या दसारामची मेडलं घेऊन या," त्यांनी मला फर्मावलं.

"त्यांनाच बसवायचं ना ट्रॅक्टरवर?"

"मेडलं घेऊन या," ते पुन्हा म्हणाले.

मला कळलं होतं. तरी गेलो. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी दुसऱ्यांवर दातओठ खाणार आहे.

काका धानाच्या रोवणीतून, म्हणजे लावणीतून, आले होते, पोटऱ्यांपर्यंत चिखल. हात धुऊन त्यांनी पेटीतून तीन मेडलं काढली आणि धोतराच्या सोग्याने पुसली. "मले बी यावं लागन काय, गुरुजी?"

"या ना काका," मी म्हणालो.

जुन्या कोटाला इस्त्री करून आणायला काका सायकलवर गोंदियाला गेले. पंधरा ऑगस्टला तो कोट घालून ते शाळेच्या फाटकाशी उभे होते, छाती मोकळी. समोरून ट्रॅक्टर आला. त्यावर भाड्याच्या वर्दीत, काकांची तिन्ही मेडलं लावून अध्यक्षांचा मुलगा राजूभाऊ उभा होता. वय बत्तीस, आयुष्यात कधी रेशनच्या लायनीतसुद्धा न उभा राहिलेला. उजव्या हाताने ट्रॅक्टरचा दांडा धरलेला, म्हणून पठ्ठ्याने डाव्या हाताने सलामी ठोकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी सलामी घेतली नाही. वळले आणि घरी गेले.

पाच दिवसांनी अध्यक्षांच्या गड्याने प्लास्टिकच्या पिशवीत दोन मेडलं आणून दिली. तिसरं, एकाहत्तरचं, ट्रॅक्टरवरून कुठेतरी पडलं होतं. तीन दिवस काका आणि मी रस्त्याचा चिखल चाळत होतो. मग अध्यक्षांकडे गेलो.

"नागपूरच्या बाजारात मिळतं तसलं. आणून देऊ," अध्यक्ष म्हणाले.

"त्याच्या कडेवर माजा नंबर कोरला आहे, साहेब. माजं नाव आहे. बाजारात मी भेटतो काय?"

आतून राजूभाऊचा आवाज आला, "टेलिफोन जोडल्याचंच होतं ना ते?"

परतताना मी म्हणालो, "काका, सोडून द्या." ते बांधावर थांबले.

"गोळ्यानं तार तुटला तं टोक फाटलेलं रायते, गुरुजी. तो लगेच जोडाचा, राग नाही धराचा. पण टोक सरळ दिसलं तं समजाचं, सुरीनं कापला. मंग हात नाही लावाचा. बाजूच्या झाडोऱ्यात पडून रायचं. कापणारा तेथीच दबून बसते, जोडणाऱ्याची वाट पाहात. आधी त्याले पाहाचं."

"आणि इथं?"

"इथं टोक सरळ आहे."

दोन-तीन आठवड्यांनी पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव मारबत, म्हणजे पीडेचा पुतळा, मिरवत काढतं. रोगराई, ढेकूण, मच्छर, सगळी पीडा घेऊन जा, असं ओरडत तिला शिवेबाहेर टाकायची. काकांच्या घरातले देव छप्पन्न साली गेले, तेव्हापासून असल्या कशात ते नसत. त्या वर्षी मात्र सगळ्यांच्या पुढे. मी चकित झालो तर म्हणाले, "बोंबलाले देव कायले लागते?"

मिरवणूक अध्यक्षांच्या दारासमोर आली. काका सावधान उभे राहिले आणि परेडच्या आवाजात गरजले, "दुसऱ्याचे मेडल लावणारे..."

मागून दोघा-तिघांनी दबक्या आवाजात पुरं केलं, "घेऊन जाय गे मारबत!"

तिसऱ्या वर्षी सगळं गाव ओरडत होतं, अध्यक्षांच्याच शाळेतली पोरं सगळ्यात मोठ्याने. चौथ्या वर्षी मीही ओरडलो. नोकरी कायम झाली होती, तरी तोंडाला दुपट्टा बांधून.

राजूभाऊ जिल्हा परिषदेला उभा राहिला, तेव्हा ही आरोळी त्याच्या आधी गावोगाव पोचली होती. सभेत तो बोलायला उठला की मागून कुणीतरी विचारायचं, "मेडल कोठी आहे, भाऊ?" पडला, आणि चांगलाच आपटला. त्या दिवशी काकांनी कोंबडा कापला आणि मला जेवायला बोलावलं. रस्सा त्यांनी मला दोनदा वाढला. सूड इतका चवदार असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग अध्यक्ष स्वतः शाल-श्रीफळ घेऊन काकांच्या अंगणात आले. शाळेत सत्कार करू, कमानीवर नाव घालू, म्हणाले. काकांनी ऐकून घेतलं. "शाल राजूले घाला, साहेब. पडल्यापासून त्याले थंडी वाजून राहिली असन."

ते गेल्यावर मी म्हणालो, "काका, आता माफ करायला हरकत नव्हती."

"माफी मांगतली काय त्यायनं? शाल आणली. 'चुकलं' म्हटलं असतं तं मी चहा पाजला असता."

अशा बारा मारबती झाल्या. बाराव्या मारबतीनंतरच्या हिवाळ्यात काकांनी अंथरूण धरलं आणि मला बोलावणं पाठवलं. आवाज पार गेला होता.

"राजू येईन. फुलाचं चक्र आणन, फोटोवाला आणन. तुमी मेडलं मांगाले आलते, मी देल्ली. आता तो मांगाले येईन. तुमी देऊ नोका."

"काय देऊ नको, काका?"

"मले."

तिसऱ्या दिवशी ते गेले. त्रिशरण-पंचशील झालं. सडक अर्जुनीहून दोन निवृत्त फौजी ट्रकवाल्याला विनवून आले होते. त्यांनी टोप्या नीट केल्या आणि कडक सलामी दिली. त्यांना मी वाट करून दिली. मग दोन गाड्या आल्या. वडिलांच्या मागे राजूभाऊ संस्थेचा अध्यक्ष झाला होता, म्हणजे माझाच मालक, आणि माझ्या हेडमास्तरकीची फाईल त्याच्याच टेबलावर होती. हातात चक्र, मागे फोटोवाला.

मी वाटेत आडवा उभा राहिलो.

"चक्र ठेवता येणार नाही, भाऊ. आधी म्हणा, चुकलं. सगळ्यांसमोर."

"गुरुजी, मयतीत हे शोभतं का?"

"नाही शोभत. म्हणा."

त्याने लोकांकडे पाहिलं. एकही माणूस त्याच्या बाजूने बोलला नाही. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. चक्र इतकं मोठं होतं की ते गाडीत परत घालताना त्याची अर्धी फुलं गळाली. मी ते शेवटपर्यंत पाहत राहिलो आणि मला मनापासून बरं वाटलं. काका समोर निजलेले असताना बरं वाटलं, याची लाज अजूनही वाटत नाही.

महिनाभरात माझी बदली संस्थेच्या आडगावच्या शाळेत झाली, हेडमास्तर दुसराच झाला. ऑर्डर हातात देताना राजूभाऊ म्हणाला, "त्या दिवशी एक शब्द गिळला असता, तर आज इथंच हेडमास्तर असता, गुरुजी."

"तुम्हालाही एकच शब्द म्हणायचा होता, भाऊ," मी म्हणालो, आणि सही करून ऑर्डर घेतली.

तो शब्द त्याच्या तोंडून अजून निघालेला नाही. म्हणून हे सगळं नावानिशी लिहिलं आहे.