मागावरून उठताना

मी येवलं सोडलं त्या सकाळी नाना स्टँडवर आले नाहीत. ते मागावर बसले होते. पाठीला बॅग अडकवून मी दारात उभा राहिलो, तर मान वर न करता म्हणाले, "मोराची चोच व्हायची हाय. मधूनच उठता येत नाय. तू जा, बस जाईल." त्यांचे पाय मागाखालच्या खड्ड्यात होते, म्हणून मी गुडघ्यालाच हात लावून नमस्कार केला. मग मी, सुनंदा आणि आमची लेक नाशिकच्या एसटीत बसलो. वडील निरोपाला उठले नाहीत, हा राग मला निफाडपर्यंत पुरला.

जाऊन जाऊन गेलो कुठे, तर दोन-अडीच तासांवर. गल्लीतली माणसं पुण्याला गेली, दुबईला गेली. त्यांच्यापुढे माझ्या जाण्याला स्थलांतर म्हणणं म्हणजे जरा जास्तच. पण घर सुटायला फार अंतर लागत नाही, हे तुम्ही गेलेले लोक कबूल कराल.

गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षबागांच्या कडेला एक हॉटेल आहे. तिथे लोक मुंबईहून सावकाश जगायला येतात. शुक्रवारी रात्रीपर्यंत पोचतात आणि रविवारी जेवून निघतात. तेवढ्यात त्यांना मातीची भांडी करायची असतात, पाव भाजायला शिकायचं असतं, पाण्याकडे बघत गप्प बसायचं असतं आणि माझा पैठणीचा माग बघायचा असतो. माग लॉबीत मांडलेला. मला खादीचा कुडता दिला, तो युनिफॉर्म. अकरा ते एक आणि चार ते सहा बसायचं, आणि कुणी फोटो मागितला की उठून शेजारी उभं राहायचं. पहिल्याच दिवशी मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "दादा, घाई करू नका हं. साडी संपली की माग रिकामा दिसतो. रिकाम्या मागाचे फोटो कोण काढणार?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी घाई करू नका म्हणालं होतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. येवल्यात सकाळी दिवा लागल्यापासून मागावर, आणि चहाचा कप तिथेच. नाशिकला मी आणि सुनंदा संध्याकाळी कालव्याच्या कडेने उगाच चालायला लागलो. माझी पाठ दुखायची थांबली. गेस्ट म्हणायचे, "किती पेशन्स लागत असेल ना?" मी हसायचो. आमच्या घरी पेशन्स नावाची वस्तू कुणी पाहिली नव्हती, नुसतं काम असायचं.

अडचण फोनची होती. नाना दर रविवारी एकच विचारायचे, "किती झाली?" त्यांच्या हाताला जी साडी दोन महिन्यांत उतरायची, ती माझ्या मागावर आठ महिने बसली होती. मी म्हणायचो, अर्धी. पुढच्या महिन्यात पुन्हा अर्धी. एकदा ते म्हणाले, "हाताला गंज चढला का रे?" हळू विणायचाच पगार मिळतो, हे त्यांना कसं सांगणार? पुढे चुलतभावाकडून कळलं की नानांनी गल्लीत सांगितलंय, पोराचा हात गेला. येवल्यात विणकराला लोक हातावरून ओळखतात. ते मला फार लागलं.

नाना मोतीबिंदू दाखवायला नाशिकला आले, तेव्हा मी त्यांना मुद्दाम हॉटेलवर नेलं. हात गेलेला नाही, हे त्यांना कळावं एवढीच इच्छा होती. त्यांना धड दिसत नव्हतं. विणलेलं कापड पुढच्या रुळावर गुंडाळलेलं असतं, ते त्यांनी हातभर उलगडायला लावलं आणि त्यावरून बोट फिरवू लागले. बोट थांबलं. "इथं उठलास." थोडं पुढे जाऊन, "इथं उठलास." आणखी दोन बोटांवर, "इथंबी." नाना विणकाम समजावून सांगताहेत असं वाटून दोन गेस्ट फोटो काढायला आले.

धाग्यांचा ताण सैल न करता विणकर मधूनच उठला, की कापडात बारीक आडवी रेघ पडते. डोळ्याला सहज दिसत नाही. नाना दिवसातून मोजक्याच वेळा उठायचे, तेही ओळ पुरी करून, ताण सैल करून. मी प्रत्येक फोटोला उठलो होतो. "सावकाश विण, कोण नाय म्हणतंय," नाना म्हणाले. "पण हे सावकाश नाय. हे अडखळणं हाय."

मला लाज वाटली. पण हात गेला, असं ते म्हणाले नव्हते, हे लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं की मी पहाटे सहाला येईन, अकरापर्यंत सलग विणीन आणि मग गेस्टसमोर नुसता बसेन, हवं ते समजावून सांगेन. "आणि साडी संपली की?" त्यांनी विचारलं. म्हटलं, दुसरी लावू. त्या म्हणाल्या, वर विचारते. ते उत्तर अजून यायचंय. मी मात्र सहाला जाऊ लागलो. त्या वेळी लॉबीत झाडू मारणाऱ्या मावशी सोडल्या तर कुणी नसतं. विणताना मी नाशिकला आहे की येवल्यात, याचा मला विसर पडतो.

साडी उतरली. ती हॉटेलच्या लॉबीत काचेत लावायची ठरली होती. मी एका दिवसासाठी मागून घेतली आणि येवल्याला नेली. नानांनी मांडीवर घेतली आणि पहिल्या टोकापासून बोट लावलं. निम्म्यापर्यंत बोट अडखळत गेलं. मग बोट जे निघालं ते पदरापर्यंत थांबलं नाही. नानांनी हात मागे नेला, चाचपडत ती शेवटची रेघ शोधून काढली आणि म्हणाले, "इथनं घरी आलास बघ तू."

परतीच्या बसला ते मला सोडायला स्टँडपर्यंत आले. आता दिसत नाही म्हणून त्यांच्या मागावर काही लावलेलं नाही. मी येऊ नका, येऊ नका म्हणत होतो. घर म्हटलं की मला मान वर न करता "तू जा" म्हणणारे नाना आठवतात. बस हलेपर्यंत ते फलाटावर उभे होते, आणि मला ते मागावर बसलेलेच हवे होते.