थोडक्यात हुकलेला मासा

धक्क्यावर त्याला सगळे दुर्बीण म्हणायचे. हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. बाकीच्यांना जिथं नुसतं पाणी दिसायचं, तिथं या गड्याला मासा दिसायचा.

सुरुवातीला मात्र त्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. आधी तो कारखान्यात लेथवर होता. कारखाना बंद पडला, आणि हा पठ्ठ्या चुलत्याच्या जुन्या होडीला डांबर लावून ती पाण्यात ढकलून मोकळा झाला. म्हणे, हौशी लोकांना मासे पकडायला नेणार! बायकोनं कपाळावर हात मारला. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या हातातला रॉड यानं हिसकावला, "असं नाही हो, असं!" म्हणत स्वतःच मासा ओढला, आणि ते गिऱ्हाईक जे रुसलं ते परत फिरकलंच नाही. चुलता म्हणाला, "अरे शहाण्या, मासा त्यांनी पकडायचा. तू फक्त दाखवायचा." ते यानं असं मनावर घेतलं, की पुढच्या वीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर एकदाही गळ टाकला नाही. वारा फिरला की मासा कुठल्या दगडाआड सरकतो, ऊन चढलं की किती खोल जातो, सगळं पाठ केलं. गिऱ्हाइकानं दोरीचा कितीही गुंता केला तरी चिडला नाही. लोक त्याच्यासाठी दोन-दोन महिने थांबायला लागले. फोनवर तारखा देणारी बायको तर एखाद्या साहेबीणबाईसारखी बोलू लागली.

आणि अशा माणसाला काचबिंदू व्हावा! काय म्हणायचं याला? डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली टिकवायची असेल तर थेंब चुकवू नका." थेंबांची बाटली त्यानं होडीतल्या गळांच्या डब्यात लपवली. बायकोला ताकास तूर लागू दिली नाही. दुर्बिणीला दिसत नाही हे एकदा फुटलं की संपलंच सगळं, मग लोक कुणाच्या भरवशावर येणार? पाणी पाठ होतं, तेवढ्यावर तो रेटत राहिला. कुणाला पत्ता लागलेला नाही, अशी त्याची समजूत होती.

एका सकाळी मास्तर आले. शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे मास्तर. चौदा वर्षं न चुकता यायचे. पाणी निवळ होतं, वारा पडलेला. दुर्बीण होडीत उभा राहिला आणि बोट दाखवून म्हणाला, "मास्तर, त्या सपाट दगडाच्या डावीकडे बघा. चांगला हातभर आहे. टाका!"

मास्तरांनी क्षणभर निरखून पाहिलं. मग बरोबर सांगितलेल्या जागी गळ टाकला, जरा थांबले, रॉडला झटका दिला आणि हळहळले, "अरेरे! थोडक्यात हुकला बघ."

दुर्बिणीनं मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. अहो, हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं! ज्याचा गळ माशापासून दहा हात लांब पडायचा, त्या नवशिक्याला तो अगदी याच सुरात सांगायचा, थोडक्यात हुकला हो. बिचारा हिरमुसू नये म्हणून. वीस वर्षं वापरलेलं खोटं ते, त्याला ओळखू येणार नाही तर कुणाला?

होडी रेटायचा बांबू ठेवून तो खाली बसला. "मास्तर, खरं सांगा. तिथं मासा होता?"

मास्तर दोरी गुंडाळत राहिले. "नव्हता रे. आपल्याच होडीची सावली होती."

"मग गळ कशाला टाकलात?"

"तू टाका म्हणालास."

"हे आजच झालं?"

आता मास्तरांनी रॉड खाली ठेवला. "गेल्या वर्षीही झालं. परतताना धक्क्यावर आणखी दोघं भेटले, त्यांनीही तेच केलं होतं. मग आमचं ठरलं, तुला कळू द्यायचं नाही."

तो लालबुंद झाला. "वर्षभर मला खेळवलंत?"

"खेळवलं नाही, बाबा. माझी जवळची नजर गेली तेव्हा माझी गिऱ्हाइकं वाकड्या काजांचे सदरे घालून फिरली. कुणी चकार शब्द काढला नाही. कळलं तेव्हा मीही असाच भडकलो होतो."

दुर्बिणीला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं. मग त्यानं सगळं सांगून टाकलं, काचबिंदू, थेंब, बायकोपासूनची लपवाछपवी. डोळे पुसून म्हणाला, "होडी धक्क्याला लावतो. पुढच्या तारखा रद्द करतो. तुम्ही आता दुसरा कुणी बघा, मास्तर."

"बायकोला सांग, ते आधी कर. मी कुठं जात नाही. लांबचं मला अजून ठणठणीत दिसतं. कुठं बघायचं, तेवढं तू सांग."

तो उठला, बांबू उचलला आणि आवाज न करता होडी वळवली. "ते बुडालेलं खोड दिसतंय? उन्हातल्या बाजूला नाही, सावलीत बघा."

मास्तर वाकले. "आहे," ते कुजबुजले. "खराच आहे रे!" त्यांनी रॉडला हात घातला.

"थांबा, मास्तर. आधी मला सांगा, कसा दिसतोय?"

मास्तरांनी हात मागे घेतला. "पाठ काळपट हिरवी. पोटाकडे पिवळसर. शेपटीला एक जुनी चीर आहे. नुसता उभा आहे बघ, कल्ले तेवढे हलताहेत."

"तोंड कुणीकडे?"

"आपल्याकडेच." मग मास्तर दचकले. "अरे, गेला!"

"जाऊ द्या," तो म्हणाला. "बघितला मी."