मध्ये कुणी नाही

कळव्याच्या कोळीवाड्यातली मंजुळा वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. बाहेरचा प्रत्येक फोन आधी तिच्या बोर्डावर यायचा, मग ती तो आत जोडून द्यायची. आवाज गोड, कामात चोख. खोड एकच. फोन जोडून दिल्यावरही कधीकधी ती कानावरचा हेडफोन काढायची नाही.

असंच एकदा तिने स्टोअर्समधल्या गोपीनाथचं बोलणं ऐकलं. पलीकडे त्याची बायको रडत होती. डॉक्टरांनी या खेपेसही 'दिवस गेलेले नाहीत' म्हणून सांगितलं होतं. मंजुळाला मनापासून वाईट वाटलं. तरी डबा खाताना तिने ते अकाउंट्सच्या रमाबाईंच्या कानावर घातलंच. चहाच्या वेळी कॅन्टीनमधून कुणीतरी ओरडलं, "गोपी, आमच्या गावच्या वैद्याला दाखव की रे!" सगळे हसले. गोपीनाथ चहा अर्धा टाकून उठला. तेव्हापासून घरी बोलायचं तर तो गेटबाहेरच्या पीसीओवर उन्हात उभा राहायचा.

सत्त्याण्णव साली कंपनीने डिजिटल लाइन घेतली. एकाच लाइनवर एका वेळी तीस जणांची बोलणी चालत, आणि टेबलाटेबलाला स्वतःचा नंबर मिळाला. साहेबांनी पेढे आणले. "मंजुळाबाई, तुमचा ताप कमी झाला!"

पेढे वाटत ती स्टोअर्समध्ये गेली. गोपीनाथ तिच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता. "अगं, इथूनच बोलतोय. नाही, मध्ये कुणी नाही. बोल ना, मोकळेपणी बोल."

मंजुळाचे पाय तिथेच थांबले. त्याने फोन ठेवला आणि वळून पाहिलं.

"गोपीनाथ, त्या वेळी मी…"

"माहितीये, ताई. तुम्ही ऐकायला लागलात की आवाज बारीक व्हायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करणार? दुसऱ्या दिवशी कामासाठी लाइन तुमच्याकडेच मागायची होती ना."

"चुकलं माझं," ती कशीबशी म्हणाली. त्याने पेढा घेतला आणि टेबलावर ठेवला.

पुढे एकदा बोर्डाच्या जुन्या नंबरावर एका बाईचा फोन आला. "गोपीनाथ आहेत का?" मंजुळाने आवाज लगेच ओळखला. आपल्याला तो ओळखता येतो, याचीच तिला लाज वाटली. "जोडते हं," म्हणत तिने हेडफोन इतक्या घाईने ओढला, की केस त्यात अडकून तुटले.