वर धरलेली पाटी

निफाडजवळच्या एका गावात बायपासची सुनावणी होती. लोकांच्या हरकती लिहून घ्यायला मी नाशिकहून गेलो होतो. कुणी म्हणे अपघात टळतील, कुणाची बागच जात होती. तेवढ्यात एसटी स्टँडवर द्राक्षं विकणारी एक बाई उठली. गाड्या गावात यायच्या बंद झाल्या तर विकू कुठं, म्हणाली.

"मावशी, तुम्ही बायपासवर विका की," सुनावणी घेणारे साहेब म्हणाले.

तिनं द्राक्षांची पाटी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलली, रोज बसच्या खिडकीला लावायची तश्शी.

"खिडकी एवढी उंच असती, साहेब. तुमच्या नकाशात गाडी कुठं थांबती, दाखवा."

साहेबांनी नकाशाची घडी घातली. ती माझ्याकडे वळली. "लिवा. लिवल्याबिगर पाटी खाली घेणार नाय."

मी लिहिलं, ‘बायपासवर गाडी थांबत नाही.’

"ही काय हरकत झाली? खोडा," साहेब म्हणाले.

तिचे हात अजून वरच होते. मी पेनाला टोपण लावलं.