गोविंदरावांचं इंजिन

चालू असलेली वस्तू गोविंदरावांना बघवत नसे. कुणाच्या घरी गेले आणि भिंतीवरचं घड्याळ नीट चालताना दिसलं की त्यांचे हात शिवशिवू लागत. "आवाज जरा जड येतोय," असं म्हणत ते उठत, घड्याळ खाली उतरवत, आणि यजमान नको नको म्हणेपर्यंत त्याची चाकं त्यांच्या धोतराच्या सोग्यात पडलेली असत. आमच्या कल्याणच्या घरचं घड्याळ त्यांनी असंच दुरुस्त केलं. त्यानंतर ते टोले देत राहिलं, काटे मात्र हलले नाहीत. तरी ते भिंतीवरच राहिलं, कारण जावयाने हात लावलेली वस्तू काढून टाकणं आईला बरं दिसत नव्हतं.

गोविंदराव हे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ठाण्याच्या कचेरीत त्यांनी काही वर्षं कारकुनी केली. तिथे त्यांच्या हाताला दौत आणि टाक यांखेरीज दुसरं काही लागत नसल्यामुळे सरकारचं फारसं नुकसान झालं नाही. मग वडिलांच्या माघारी बाळकुमची भातशेती त्यांच्याकडे आली आणि त्यांनी नोकरी सोडून तिथे वाफेवर चालणारी भाताची गिरणी काढली. मुंबईच्या कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातलं जुनं इंजिन आणि बॉयलर पडावात घालून खाडीने आणला. अक्काचं बिऱ्हाड गिरणीला लागूनच होतं.

पहिलं वर्ष गिरणी उत्तम चालली, कारण ती सोराबजी नावाचा एक पारशी ड्रायव्हर चालवत होता. हा गृहस्थ तोंडाचा फटकळ होता आणि संध्याकाळनंतर दारूच्या वासाने त्याच्या वाऱ्याला उभं राहवत नसे. पण इंजिनघरात तो मालकालाही पाऊल टाकू देत नसे. गोविंदरावांना हेच खुपलं. "वाफ म्हणजे काय, चुलीवरच्या आधणाचीच ना?" ते मला म्हणाले. "मग त्यात या बावाजीचं काय एवढं? मला इंग्रजी वाचता येतं. पुस्तक मागवलंय मी." पुस्तक आलं आणि सोराबजी गेला. जाताना त्याने सांगितलं होतं की, इंजिन गरम असताना उघडू नका, जे काढाल त्यावर खूण करा आणि वाफेच्या झडपेला मुळीच हात लावू नका. गोविंदरावांनी हे आम्हाला पुष्कळदा हसून सांगितलं. त्या माणसाला आपली गरज आहे असं भासवायचं होतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यानंतर त्यांनी जे जे केलं ते एखाद्याने मुद्दाम ठरवूनही जमलं नसतं. पहिल्याच आठवड्यात इंजिन निवायच्या आत उघडून त्यांनी उजवा तळवा भाजून घेतला. काढलेले सगळे भाग एकाच टोपलीत टाकले. पुन्हा जोडलं तेव्हा टोपलीच्या तळाशी दोन नट आणि एक चकती उरली. मी ती दाखवली, तर म्हणाले, "उरलं ते जास्तीचं होतं, रघुनाथ. हे साहेब लोक हिशेबाला ढिले." नट पिळताना त्यांचा एकच नियम होता: घट्ट ते पक्कं. पान्याच्या दांड्याला लोखंडी नळी अडकवून ते दोन्ही पाय भिंतीला लावून ओढत. बोल्ट तुटला की विलायती लोखंडाची निंदा करत.

चरबीचं वंगण त्यांच्या सोवळ्याला चालेना, म्हणून त्यांनी खोबरेल वापरलं. पौषातल्या एका गारठ्याच्या सकाळी ते कुपीतच थिजलं, खाली उतरलं नाही, आणि दांडा फिरतो ती बैठक तापून धुरावली. त्यावर यांनी गार पाण्याची घागर ओतली. बैठकीला उभी चीर गेली. ती चीर त्यांनी तारेने आवळली आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवली.

आई म्हणे, त्यांच्या मनात वाईट काही नसतं. नसेलही. दिवसभर ते राबत, अंगावरचे कपडे काळे करून घेत, तहानभुकेची पर्वा करत नसत. पण माणूस कष्टाळू आहे आणि त्याला कळत काही नाही, यापेक्षा तो आळशी असता तर बाळकुमचं कल्याण झालं असतं. अक्का त्यांना एकदाच म्हणाली, "सोराबजीला परत बोलवा." ते म्हणाले, "स्वयंपाकात मी लुडबुड करतो का?" तिने पुन्हा विषय काढला नाही.

बॉयलरवर एक झडप असते. वाफ जास्त झाली की ती आपोआप उचलली जाते आणि वाफ बाहेर पडते. झडप दाबून धरायला एक आडवी दांडी आणि तिच्या टोकाला ठरलेलं वजन असतं. गोविंदरावांनी ही झडप काढली आणि वाळूने घासून चकचकीत केली. घासल्यामुळे ती बसेनाशी झाली आणि बारा महिने तेरा काळ फुसफुसू लागली. वाफ वाया जाते, लाकूड जास्त लागतं, असं त्यांच्या लक्षात आलं. आपण झडप बिघडवली हे मात्र लक्षात आलं नाही. त्यांनी दांडीला आणखी एक वजन टांगलं. फुसफुस थांबली. त्या दिवशी ते फार खुशीत होते, असं अक्का पुढे सांगे.

बॉयलरच्या भट्टीवर पोशा नावाचा बाळकुमचाच आगरी तरुण होता. दिवाळी होऊन नवं भात गिरणीत येऊ लागलं होतं. बाहेर अंगणात बाया तांदूळ पाखडत होत्या. गोविंदराव एका गाडीवानाशी हुज्जत घालायला फाटकापर्यंत गेले होते, तेवढ्यात बॉयलर फुटला. इंजिनघराची कौलं उडून खाडीच्या चिखलात पडली. बायांपैकी दोघींना खरचटलं. पोशाचा डावा हात कोपराच्या वरून तुटला आणि मानेपासून कमरेपर्यंत कातडी सोलली गेली. मी दुसऱ्या दिवशी कल्याणहून पोचलो तेव्हा त्याला ठाण्याच्या इस्पितळात नेलं होतं. गोविंदराव ओसरीवर बसून मला म्हणाले, "पत्राच हलका निघाला. मला फसवलं त्या लोकांनी."

चौकशीला मामलेदार आले, त्यांच्याबरोबर बॉयलर तपासणारा गोरा साहेब आला. पडक्या भिंतीच्या सावलीत खुर्च्या मांडल्या. साहेब ढिगाऱ्यातले तुकडे पायाने उलटेपालटे करत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी किळस म्हणेन. शिपायाने झडपेची दांडी आणली. तिच्या टोकाला सुंभाने आवळलेला एक लांबट काळा दगड अजून लोंबत होता.

"हे कुणी बांधलं?" मामलेदारांनी विचारलं.

गोविंदराव कोट आणि पगडी घालून उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "पोशाने. अडाणी माणूस आहे, रावसाहेब. मी त्याला पुष्कळदा बजावलं होतं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांचा स्वर जराही हलला नव्हता. मला वाटतं, तोवर त्यांचं त्यांनाच ते खरं वाटू लागलं होतं, आणि हीच त्यांची सर्वांत किळसवाणी गोष्ट होती.

तेवढ्यात दाराआडून अक्का बाहेर आली. परक्या पुरुषांसमोर ती आयुष्यात कधी आली नव्हती. डोक्यावरचा पदर नीट करून ती मामलेदारांसमोर उभी राहिली.

"तो माझा वरवंटा आहे," ती म्हणाली.

"अगं, तू आत जा," गोविंदराव म्हणाले.

"माझ्या पाट्यावरचा आहे. वर टवका उडालाय, बघून घ्या. मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, दोन दिवस चटणी वाटली नाहीस तर काय बिघडतं." तिने दांडीकडे बोट दाखवलं. "पोशा माझ्या स्वयंपाकघरात कधी आलेला नाही. त्याला आम्ही पाणीसुद्धा अंगणात वरून ओततो. तो वरवंटा कुठून घेणार?"

मामलेदारांनी मान खाली घालून लिहून घेतलं. साहेबाने काय झालं ते विचारलं. त्याला इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्याने गोविंदरावांकडे पाहिलंही नाही, टोपी काढून अक्काला किंचित मान लववली.

गोविंदरावांना काही महिने तुरुंगात काढावे लागले. गिरणी मोडली. परत आल्यावर ते ठाण्याच्या जुन्या घरी राहू लागले आणि बायकोने घर बुडवलं असं भेटेल त्याला सांगू लागले. अक्का त्यांचं ताट वाढी, औषधपाणी बघे, बोलत मात्र नसे. बाळकुमच्या शेताचा एक तुकडा तिने पोशाच्या नावावर करायला लावला. गोविंदरावांनी सही केली, पण तिच्यासमोर नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती म्हणून. मी तिला कल्याणला चल म्हटलं. ती म्हणाली, "मी नसले तर हे आणखी कुणाला तरी गाठतील."

मेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं असं सगळे म्हणतात. मी प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. ते गेले तो दिवस मला आठवतो. साध्या तापाने गेले. अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं, आळीतले चार लोक हळू आवाजात बोलत होते. फाटकाशी पोशा उभा होता. डाव्या खांद्यावरून उपरणं सोडलेलं, मानेवर जुन्या भाजल्याच्या सुरकुत्या. बाळकुमहून चालत आला होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि कसा आलास म्हणून विचारलं.

"खराच मेला का, त्ये बगाला आयलू," तो म्हणाला.

आळीतल्या लोकांनी माना वळवल्या. कुणीतरी त्याला बाहेर काढायला निघालं. दारात बसलेल्या अक्काने हात वर करून त्या माणसाला थांबवलं.

"ये पोशा," ती म्हणाली. "जवळ येऊन बघ."

तो अंगण ओलांडून आत आला. आम्ही सगळे बाजूला झालो.