रंग बदलणारी नेलपॉलिश

लग्न होऊन वडगाव रासाईला आल्यापासून माझ्या हातांकडे कुणी कामाशिवाय पाहिलं नव्हतं. निदान आपण तरी पाहावं, म्हणून मी हट्टालाच पेटले. मोबाईलवर एक नेलपॉलिश पाहिली होती. ऊब असली की गुलाबी, गार लागलं की काळीनिळी. ऑनलाइन मागवायला गेले तर आमच्या गावाला पोचवत नव्हते. शिरूरच्या जनरल स्टोअरवाल्यानं वीसेक बाटल्या पुढ्यात मांडल्या आणि वर म्हणाला, "ताई, रंग बदलला की लोक बाटली परत आणत्यात." तळेगावच्या बाजारात बांगड्यावाली तर तोंडावरच हसली. मला कुणी हसलेलं खपत नाही.

तीन महिन्यांनी आतेबहिणीच्या डोहाळजेवणाला दौंडला गेले, तेव्हा स्टेशनजवळच्या एका टपरीवजा दुकानात ती सापडली. खोक्यावर धूळ होती. मी दोन बाटल्या घेतल्या.

त्याच संध्याकाळी लावली. सासूबाईंनी नखं पाहिली.

"गुलाबी नखानं मेथी धुनार व्हय?"

"धुते की, आत्या," मीही म्हटलं.

सकाळी बाजाराच्या जुड्या हौदात धुवायला घेतल्या. थंडीचे दिवस, पाण्यात हात घालवेना. बघता बघता दहाही नखं काळीनिळी झाली. मी खूश होऊन हात वर धरून बघत बसले, तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांच्या हातातली पाटीच पडली.

"भाजीत जनावर हुतं का? कुठं चावलं गं?"

"आत्या, रंग हाय तो," मी सांगत होते, पण ऐकतंय कोण. जुड्या बांधायची सुतळी त्यांनी माझ्या मनगटाला आवळली. जीप काढा म्हणून शेजारी हाक दिली. गुडघ्यांमुळे त्या कधी खाली बसत नाहीत, पण तिथंच ओल्या जमिनीवर बसल्या आणि माझी बोटं दोन्ही मुठींत गच्च धरली. त्यांचे हात खरखरीत होते आणि गरम होते.

थोड्या वेळानं मूठ उघडली, तर नखं पुन्हा गुलाबी.

त्यांनी अंगठ्यानं एक नख घासून पाहिलं. मग म्हणाल्या, "असलं काय लावायचं आसंल तर आधी सांगत जा. जीव गेला आसता माझा."

मी उलट उत्तर द्यायच्या बेतात होते, पण मला रडूच आलं. त्यांनी सुतळी सोडली आणि माझं एकेक बोट वेगळं करून पाहिलं.